वाचकांचे प्रश्न: थोडं वाचून अख्ख्या फाइलची पारख

एक्सएमएलसारख्या (टॅग नावाच्या खुणांनी मजकुराची मांडणी दाखवणाऱ्या) रचनाबद्ध फाइलींची तपासणी, आणि तीही ऑटोमेटाच्या, म्हणजे चिन्हागणिक एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या यंत्रांच्या, आधाराने थोडा भाग वाचून करण्याची पद्धत, यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न (महापे): रोज रात्री आमच्याकडे नऊ जीबीची बिलांची एक्सएमएल फाइल येते. रचना साधी आहे. शीर्ष, मग एक किंवा जास्त ओळी, मग बेरीज, आणि लगेच पुढचं बिल. व्हॅलिडेटरला (फाइल नियमांशी जुळते का ते तपासणाऱ्या प्रोग्रॅमला) तीन तास लागतात आणि कधी मेमरी संपून तो मध्येच बंद पडतो. फाइलचा थोडासाच भाग वाचून निकाल देणारी पद्धत वापरावी का?

उत्तर: आधी ते तीन तास कुठे जातात ते पाहा. साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला दीडशे एमबी या वेगाने नऊ जीबी सलग वाचायला एक मिनिट लागतं. उरलेला वेळ बहुधा डॉम पद्धतीत जातो, म्हणजे अख्ख्या फाइलचं झाड (कुठला टॅग कुणाच्या पोटात आहे ते दाखवणारी रचना) मेमरीत उभं करण्यात. ते झाड मूळ फाइलच्या कित्येक पट जागा घेतं, म्हणून मेमरी संपते. सॅक्स किंवा स्टॅक्स पद्धतीने एकेक टॅग वाचत गेलात तर मेमरीत फक्त त्या क्षणी उघडे असलेले टॅग राहतात. तुमच्या फाइलीत ते चार-पाचच असतील. एवढ्या बदलाने पूर्ण तपासणी काही मिनिटांत होऊ लागली, तर तीच करा. नेमकं उत्तर परवडत असताना अंदाजी उत्तरावर समाधान मानू नये.

अंदाजी पद्धत उपयोगी पडते ती तुमचा प्रश्न वेगळा असेल तेव्हा. 'फाइल शंभर टक्के बरोबर आहे का' याचं उत्तर ती देत नाही. 'फाइल बरोबर आहे, की बरोबर होण्यापासून खूप लांब आहे' एवढाच फरक ती ओळखते. 'लांब' म्हणजे किती ते तुम्ही ठरवायचं. चिन्ह म्हणजे इथे शीर्ष, ओळ किंवा बेरीज यांपैकी एक. पाच टक्के सूट धरली, तर दर शंभर चिन्हांमागे किमान पाच दुरुस्त्या (एक चिन्ह घालणं, काढणं किंवा बदलणं) लागतील अशी फाइल 'लांब' ठरते. बरोबर फाइल कधीच नाकारली जात नाही. लांबची फाइल ठरवलेल्या खात्रीने पकडली जाते. किंचित बिघडलेल्या फाइलीबद्दल मात्र काहीच हमी नसते, ती पास होईल किंवा नापासही होईल.

रेग्युलर भाषांसाठी (म्हणजे मर्यादित अवस्थांच्या ऑटोमॅटनने तपासता येणाऱ्या नियमांसाठी) अशी चाचणी नेहमीच शक्य असते आणि किती चिन्हं वाचावी लागतात ते फाइलच्या लांबीवर अवलंबून नसतं, हे नोगा अलॉन, मायकेल क्रिव्हेलेविच, इलान न्यूमन आणि मारिओ सेगेडी यांनी १९९९ साली सिद्ध केलं. यामागची कल्पना ठाणे–वाशी लोकलमध्ये डुलकी लागणाऱ्या प्रवाशालाही समजेल. रबाळ्यानंतर घणसोली आणि घणसोलीनंतर कोपरखैरणे लागलं, तर गाडी कुठून निघाली हे माहीत नसतानाही सगळं ठीक वाटतं. रबाळ्यानंतर एकदम तुर्भे दिसलं, तर तेवढ्या दोन स्टेशनांवरूनच कळतं की काहीतरी चुकलं.

तुमच्या बिलांचा ऑटोमॅटन तीन अवस्थांचा आहे. पहिली अवस्था 'बिलाबाहेर', दुसरी 'शीर्ष झालं', तिसरी 'ओळी चालू'. बेरीज वाचली की तो पुन्हा पहिल्या अवस्थेत येतो. कुठल्याही अवस्थेतून कुठल्याही अवस्थेला जाता येतं, आणि पुढचा सगळा हिशेब या गुणावर उभा आहे. फाइल डावीकडून वाचत जा आणि ऑटोमॅटन अडला की तिथे कापा. प्रत्येक तुकड्याचं शेवटचं चिन्ह काढून टाकलं आणि मधली वाट जोडणारी चिन्हं घातली, की सांधा नीट बसतो. एका सांध्याला जास्तीत जास्त अवस्थांच्या संख्येइतक्या, म्हणजे इथे तीन दुरुस्त्या पुरतात. म्हणून फाइल वरच्या अर्थाने 'लांब' असेल तर अडणारे तुकडे पुष्कळ असलेच पाहिजेत. पाच टक्के सूट धरली तर एकूण चिन्हांच्या ०.०५ ÷ ३ इतके. त्यांची सरासरी लांबी फार तर ३ ÷ ०.०५, म्हणजे ६० चिन्हं. आणि त्यांतले निम्म्याहून जास्त तुकडे सरासरीच्या दुपटीपेक्षा, म्हणजे १२० चिन्हांपेक्षा, लांब असूच शकत नाहीत.

यावरून कृती ठरते. फाइलीत यादृच्छिक जागी जा आणि तिथून १२० चिन्हं वाचा. या पट्ट्याला खिडकी म्हणू. (ओळीच्या आतले दर-नग सोडून द्या.) वाचायला सुरुवात करताना आपण कुठल्या अवस्थेत आहोत ते माहीत नसतं, म्हणून तिन्ही अवस्था शक्य धरा आणि प्रत्येक चिन्हाबरोबर न जुळणाऱ्या अवस्था गाळत जा. 'ओळ, ओळ, शीर्ष' आलं तर पहिल्या ओळीनंतर फक्त तिसरी अवस्था उरते, दुसऱ्या ओळीनंतरही तीच, आणि शीर्ष आल्यावर एकही उरत नाही. म्हणजे बेरीज नसलेलं बिल सापडलं, फाइल नाकारा. एका खिडकीत असा तुकडा सापडण्याची शक्यता किमान ०.०५ ÷ ६, म्हणजे १२० मध्ये एक. त्यामुळे ९९ टक्के खात्रीसाठी ५५१ खिडक्या लागतात आणि एकूण ६६,१२० चिन्हं वाचली जातात. फाइलीत एक कोटी चिन्हं असोत की शंभर कोटी, हा आकडा तोच राहतो. फाइलच साठ हजार चिन्हांची असेल तर मात्र या खटाटोपात अर्थ नाही, सरळ अख्खी वाचा. सूट पाचावरून एक टक्क्यावर आणली तर खिडकी ६०० चिन्हांची होते आणि खिडक्या २,७६१ लागतात, म्हणजे सुमारे साडेसोळा लाख चिन्हं. पाचपट कडक झालात तर वाचन पंचवीसपट वाढतं. वेगवेगळ्या लांबीच्या खिडक्या मिसळून हा खर्च बराच खाली आणता येतो. लहान खिडक्या पुष्कळ आणि मोठ्या थोड्या घ्यायच्या. पण सुरुवात या साध्या रीतीनेच करावी, कारण तिच्यातली चूक शोधणं सोपं असतं.

ही पद्धत फसते ती बहुतेक वेळा नमुना निवडताना. फाइल जीझिप केलेली (दाबून लहान केलेली) असेल तर मधल्याच जागी उडी मारता येत नाही, सुरुवातीपासून उलगडावी लागते. मग सगळी बचत संपली. बाइटची जागा यादृच्छिक निवडून पुढचा टॅग घेतलात, तर लांब मजकुरामागून येणारे टॅग जास्त वेळा निवडले जातात आणि वरचा हिशेब कोलमडतो. यावर उपाय म्हणजे फाइल तयार होतानाच प्रत्येक चिन्ह कुठल्या बाइटवर सुरू होतं याची यादी लिहून ठेवणं. एका नोंदीला आठ बाइट धरले तर एक कोटी चिन्हांची यादी ८० एमबीची होते. तिसरी गोष्ट, कॉमेंट आणि सीडेटा (जसाच्या तसा ठेवायचा मजकूर) यांच्या आत आलेला टॅग हा टॅग नसतो. खिडकी नेमकी तिथे उघडली तर बरोबर फाइल नाकारली जाईल. वर दिलेली यादी पार्सरकडूनच (फाइल वाचून टॅग ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडूनच) करून घेतली तर हा धोकाही टळतो.

तुमच्याकडून फाइल पुढे घेणारी यंत्रणा एका चुकीसाठी सगळी फाइल परत पाठवत असेल, तर या चाचणीवर विसंबू नका. एका गहाळ बेरजेसाठी ती बनलेलीच नाही. रात्री फाइल आल्याआल्या, दोन-चार सेकंदांत, चुकीच्या आवृत्तीची किंवा रकाने सरकलेली फाइल दारातूनच परत पाठवायला तिचा खरा उपयोग होतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): ग्रंथालयाच्या साठ हजार पुस्तकांच्या नोंदी एक्सएमएलमध्ये आहेत. सगळ्या तपासायला माणसं नाहीत. किती नोंदी तपासल्या तर चालेल?

उत्तर: तुमचं काम सोपं आहे, कारण प्रत्येक नोंद लहान आणि स्वतंत्र आहे. खिडक्यांच्या भानगडीत पडू नका. यादृच्छिक नोंदी निवडा आणि प्रत्येक पूर्ण तपासा. ३०० नोंदींत एकही चूक सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की सदोष नोंदींचं प्रमाण एक टक्क्यापेक्षा कमी आहे. ९९ टक्के खात्री हवी असेल तर ४५९ नोंदी लागतात. संग्रह साठ हजारांचा असो वा सहा लाखांचा, आकडा बदलत नाही.

मात्र एक टक्का म्हणजे साठ हजारांत सहाशे पुस्तकं. तेवढी चालणार आहेत का, हे आधी ग्रंथपालांना विचारा.

रचनेची तपासणी म्हणजे स्कीमाशी, म्हणजे रचनेच्या लिहून ठेवलेल्या नियमांशी, जुळणं एवढंच, आणि ते काम संगणक साठ हजार नोंदींसाठीही मिनिटभरात करतो. तेव्हा रचना सगळ्या नोंदींची तपासा. नमुना ठेवा तो माणसाच्या डोळ्यांनीच कळणाऱ्या गोष्टींसाठी, जसं लेखकाच्या रकान्यात प्रकाशकाचं नाव आलंय का. आणि नमुना सबंध संग्रहातून एकदम घेऊ नका, नोंदी ज्या गटांत टाइप झाल्या त्या गटांतून वेगवेगळा घ्या. एकाच गटात एकाच टायपिस्टची एकच चूक हजार वेळा आलेली असते आणि साठ हजारांत विरघळली की ती दिसत नाही.

प्रश्न (नेरूळ): अभियांत्रिकीला आहे. रेग्युलर भाषा थोड्या खिडक्यांत तपासता येतात, मग उघडणाऱ्या-बंद होणाऱ्या टॅगांची जुळणी का नाही?

उत्तर: जुळणारा जोडीदार खिडकीत असेलच असं नाही, म्हणून. एकाच प्रकारचे कंस असतील तर 'उघडे वजा बंद' एवढी उंची मोजून भागतं आणि ठरावीक संख्येच्या चिन्हांत चाचणी होते. दोन प्रकारचे कंस आले की उंची पुरत नाही. इथे बंद झालेला चौकोनी कंस, हजारो चिन्हं मागे याच उंचीवर उघडलेला कंस चौकोनी होता की गोल, हे पाहावं लागतं. तो नेमका कुठे उघडला ते शोधण्यासाठी उंची अचूक लागते, आणि नमुन्यातून उंचीचा फक्त अंदाज मिळतो. मिखाल पार्नास, डाना रॉन आणि रोनिट रुबिनफेल्ड यांनी २००३ मध्ये दाखवलं की अशा भाषांसाठी वाचायची चिन्हं लांबीबरोबर वाढतातच. त्यांची स्वतःची रीत लांबीच्या दोन-तृतीयांश घाताच्या आसपास चिन्हं वाचते, आणि साधारण एक-अकरांश घाताच्या खाली कुणालाच जाता येत नाही, हेही त्यांनी सिद्ध केलं.

म्हणून कच्च्या एक्सएमएल मजकुरावर खिडक्या उघडून टॅगजुळणी तपासू नये. ती एका सलग फेरीत स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायची यादी) वापरून करा. एकदा झाड बांधून झालं, प्रत्येक टॅग त्याचा एक नोड झाला आणि 'या नोडचं नाव काय, याचं अमुक क्रमांकाचं अपत्य कोण' असं विचारता येऊ लागलं की चित्र पालटतं. फ्रेडेरिक मान्येझ आणि मिशेल द रुजमाँ यांनी २००४ मध्ये दाखवलं की झाडांच्या रेग्युलर भाषा थोड्या नोडांत तपासता येतात. पण त्यांचं अंतर, म्हणजे फाइल किती 'लांब' ते मोजायचं माप, वेगळं आहे. त्यात सबंध उपवृक्ष उचलून दुसरीकडे लावणं ही एकच दुरुस्ती धरतात. परीक्षेसाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डीटीडीत (एक्सएमएलची रचना लिहून ठेवणाऱ्या नियमांत) पुनरावृत्ती नसेल, म्हणजे कुठलाही टॅग स्वतःच्याच पोटात येत नसेल, तर झाडाची खोली आधीच ठरलेली असते आणि सलग वाचताना साधा मर्यादित ऑटोमॅटनसुद्धा पुरतो, स्टॅक लागत नाही.

प्रश्न (वागळे इस्टेट): आमच्या फाइलीत आधी सगळे ग्राहक आणि मग सगळी बिलं असा नियम आहे. बिलं आधी आणि ग्राहक नंतर अशी उलटी फाइल आली, तरी अंदाजी चाचणीने पास केली. प्रोग्रॅम चुकला का?

उत्तर: प्रोग्रॅम चुकलेला नाही. त्याने निवडलेलं अंतर तुमच्या कामाचं नाही. वरच्या उत्तरात आलेल्या 'हलवण्याची परवानगी असलेल्या' अंतरात अख्खा ग्राहकांचा गठ्ठा उचलून पुढे ठेवणं ही एकच दुरुस्ती आहे, मग त्यात दहा लाख ग्राहक का असेनात. त्या मापाने तुमची फाइल नियमाच्या अगदी जवळ आहे. साध्या दुरुस्ती-अंतरात मात्र ती पराकोटीची लांब आहे. अशा चाचण्या फाइलीतल्या लहान तुकड्यांची वारंवारता मोजतात, त्यांचा क्रम विसरतात. तुकडा सहसा '१ भागिले सूट' एवढ्या लांबीचा घेतात. पाच टक्क्यांना तो वीस चिन्हांचा होतो आणि तीनच प्रकारची चिन्हं असली तरी वीस लांबीचे संभाव्य तुकडे ३४८ कोटींहून जास्त होतात. म्हणून तुकड्यांचं कोष्टक आखून ठेवू नका, जे प्रत्यक्ष सापडले तेवढेच हॅशमध्ये (सापडेल तशी वाढत जाणाऱ्या नोंदवहीत) मोजा.

तुमच्या अडचणीवरचा उपाय स्वस्त आहे. खिडक्या घेताना त्यांची फाइलीतली जागा लिहून ठेवा आणि शेवटी जागेनुसार लावा. तुमच्या ऑटोमॅटनला दोन कप्पे आहेत, ग्राहकांचा आणि बिलांचा. पहिल्यातून दुसऱ्यात जाता येतं, परत येता येत नाही. बिलाच्या खिडकीनंतर ग्राहकाची एक जरी खिडकी आली तरी फाइल नाकारा. ज्या नियमांत असे एकेरी कप्पे आहेत, तिथे ही क्रमतपासणी गाळणं ही आम्हाला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण बाकीचे सगळे आकडे हिरवे दिसत राहतात.

प्रश्न (घणसोली): ई-पुस्तकांच्या फाइलींत नियम असा आहे: शीर्षक, मग एक किंवा जास्त लेखक, मग एक किंवा जास्त प्रकरणं. चुकलेल्या फाइली प्रोग्रॅमने आपोआप दुरुस्त कराव्यात का?

उत्तर: कमीत कमी किती दुरुस्त्या लागतील ते प्रोग्रॅमला नक्की काढू द्या. दुरुस्ती करायची की नाही ते मात्र माणसाने ठरवावं. का ते तुमच्याच नियमावर पाहू.

चार अवस्था घ्या: सुरुवात, शीर्षक झालं, लेखक चालू, प्रकरण चालू. प्रत्येक चिन्ह वाचल्यावर 'या अवस्थेत यायला किमान किती दुरुस्त्या' हे चार आकडे ठेवायचे. फाइल आहे 'शीर्षक, प्रकरण, प्रकरण', लेखक राहून गेला आहे. काही वाचण्याआधीचे आकडे ०, १, २, ३, कारण न वाचता पुढे जायचं तर तेवढी चिन्हं घालावी लागतील. शीर्षक वाचल्यावर १, ०, १, २. पहिलं प्रकरण वाचल्यावर २, १, १, १. दुसऱ्यानंतर ३, २, २, १. शेवटचा आकडा १, म्हणजे एका दुरुस्तीत काम होतं. वेळ चिन्हांची संख्या गुणिले ऑटोमॅटनमधले बाण एवढाच लागतो.

पण ही एक दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. शीर्षकानंतर लेखकाचा रिकामा टॅग घालता येतो, किंवा पहिल्या प्रकरणाचा टॅग बदलून तोच 'लेखक' करता येतो. गणिताला दोन्ही सारख्याच. दुसरीत मात्र पुस्तकाचं पहिलं प्रकरण लेखकाच्या नावाच्या जागी जाऊन बसतं. म्हणून 'बदलणं' याची किंमत २ ठेवा, कारण ते खरं तर काढणं आणि घालणं आहे. मग पहिलीच तऱ्हा उरते. मजकूर असलेला टॅग काढण्याची किंमत याहून वाढवा. आणि एकाच किमतीच्या दोन दुरुस्त्या निघाल्या, तर प्रोग्रॅमने तिथे थांबून दोन्ही दाखवाव्यात.

प्रश्न (खारघर): स्कीमात 'जास्तीत जास्त ५०००' अशी मर्यादा घातल्यापासून व्हॅलिडेटर मंद झाला. संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. काही व्हॅलिडेटर ही मर्यादा पाच हजार अवस्था एकापुढे एक मांडून पाळतात. अंदाजी चाचणीत तर याचा फटका थेट बसतो. खिडकी म्हणजे दोन गुणिले अवस्था भागिले सूट, तेव्हा पाच टक्क्यांना ती दोन लाख चिन्हांची होईल. स्कीमात 'अमर्याद' लिहा आणि संख्या वेगळ्या मोजणीने तपासा.

प्रश्न (कोपरी, ठाणे): आमचे टॅग देवनागरीत आहेत. यादृच्छिक जागी वाचायला सुरुवात केली की पहिलं अक्षर मोडकं येतं आणि काही वेळा दिसायला सारखेच टॅग जुळत नाहीत.

उत्तर: यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणून उडी तीनपैकी दोन वेळा चिन्हाच्या पोटात पडते. मधल्या बाइटची किंमत १२८ ते १९१ यांच्यात असते. तसा बाइट दिसला तर पुढे सरका, जास्तीत जास्त दोन पावलांत नवं चिन्ह लागतं. न जुळणाऱ्या टॅगांत 'ऱ' आहे का पाहा. तो एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना फरक दिसत नाही, ऑटोमॅटनला ती दोन वेगळी चिन्हं वाटतात. अदृश्य जोडचिन्हही टॅगच्या नावात चालतं, त्यामुळे तेही शोधा. फाइल आणि स्कीमा दोन्ही आधी एनएफसी, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरावीक, रूपात आणा, जोडचिन्हांबाबत एकच नियम ठरवा आणि त्यानंतरच बाइटच्या जागांची यादी करा. रूप बदललं की बाइटच्या जागा सरकतात आणि जुनी यादी निरुपयोगी होते.